बाइकवर अ‍ॅम्प्लिफायर बसवायचाय? आधी बॅटरीचं गणित बघा, मग ५५ डेसिबलचं

रविवारी सकाळी भाईंदर पश्चिमेला राई, मुर्धा, मोर्वा ही गावं मागे टाकून उत्तनच्या रस्त्याला लागा. सायकलवाले दिसतील, फोटो काढायला थांबलेली जोडपी दिसतील आणि दर थोड्या वेळाने एखादी बाइक अशी जाईल की ती दिसायच्या आधी ऐकू येईल. इंजिनमुळे नाही, स्पीकरमुळे.

हँडलला दोन गोल स्पीकर, सीटखाली किंवा डिक्कीत अ‍ॅम्प्लिफायर, मोबाइलवरून ब्लूटूथ आणि वर ‘बेस’ फुल. संध्याकाळी हीच बाइक मिरा रोडला, काशीमिऱ्याला किंवा गोल्डन नेस्टच्या सिग्नलला उभी असते आणि शेजारचा रिक्षावाला मान वळवून बघत असतो.

रीलवर हे सगळं भारी दिसतं. पंधरा सेकंदांत वायर जोडली, बटण दाबलं, लाइट लागले आणि गाणं सुरू. रीलमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी मात्र तीन आहेत. ती वायर कुठून घेतली, तिच्यात फ्यूज होता का, आणि ते गाणं आजूबाजूच्या इमारतींमध्ये किती जणांना ऐकावं लागलं. हा सगळा विषय या तीन प्रश्नांभोवती फिरतो.

ही आवड आली कुठून?

बाइकवर गाणी वाजवणं हे काही आपल्याकडच्या पोरांचं खूळ नाही. लांबच्या प्रवासासाठी बनलेल्या अमेरिकी आणि जपानी टूरिंग बाइकवर ही सोय अनेक दशकांपासून आहे. होंडाच्या गोल्ड विंगवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्टिरिओ मिळायला लागला होता. हार्ले डेव्हिडसनने २०२४ च्या स्ट्रीट ग्लाइडमध्ये कंपनीतूनच २०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर दिला.

भारतात ही गोष्ट सामान्य ग्राहकापर्यंत आली ती इलेक्ट्रिक स्कूटरमुळे. ओलाच्या एस-वन प्रोमध्ये कंपनीनेच स्पीकर दिले आणि २०२२ च्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर त्यावर गाणी वाजायला लागली. त्यानंतर अनेकांना वाटलं, त्याच्या स्कूटरवर वाजतं तर माझ्या स्प्लेंडरवर का नाही?

सामानही हाताशी आहे. मिरा रोडहून लोकल पकडली की कुर्ल्याचा सीएसटी रोड गाड्यांच्या पार्टसाठी आणि लॅमिंग्टन रोड इलेक्ट्रॉनिक्ससाठी. आता तर तेवढंही जायची गरज नाही, ऑनलाइन मागवलं की किट घरी येतं. किटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘१००० वॅट’.

गडबडीला सुरुवात याच आकड्यापासून होते.

खोक्यावरचे १००० वॅट खरे असतात का?

जवळपास कधीच नाही. हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाही, नववी-दहावीचं विज्ञान पुरतं.

बाइकची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना चार्जिंगचा दाब साधारण १४ व्होल्टपर्यंत जातो. साध्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरपर्यंत यापेक्षा जास्त व्होल्टेज नेता येत नाही. आता ४ ओहमचा स्पीकर घ्या. १४ चा वर्ग १९६, त्याला ४ च्या दुपटीने म्हणजे ८ ने भागा. उत्तर येतं साडेचोवीस. म्हणजे सगळं आदर्श धरलं तरी एका स्पीकरला २४-२५ वॅट. प्रत्यक्षात २० च्या आसपास.

यापेक्षा जास्त खरी ताकद हवी असेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या आत व्होल्टेज वाढवणारं वेगळं सर्किट लागतं. ते कार ऑडिओच्या मोठ्या अ‍ॅम्पमध्ये असतं. ते महाग असतं, जड असतं आणि बॅटरीतून तेवढाच जास्त करंट ओढतं. हातात मावणाऱ्या स्वस्त डब्यात ते नसतं. खोक्यावरचा हजारचा आकडा हा क्षणभराच्या काल्पनिक शिखराचा असतो, जाहिरातीसाठी छापलेला. खरेदी करताना बघायचा आकडा ‘आरएमएस’ वॅट हा आहे. तो छापलेलाच नसेल तर ते खोकं तिथेच ठेवलेलं बरं.

बाइकची बॅटरी म्हणजे कारची बॅटरी नाही

कारमध्ये ऑडिओ बसवणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण छोट्या कारलाही ३५ एएचच्या आसपास बॅटरी असते. स्प्लेंडर किंवा अ‍ॅक्टिव्हाची बॅटरी असते ३ एएचची. नव्या क्लासिक ३५० ची ८ एएच. २०० वॅटचा अ‍ॅम्प कंपनीतून घेऊन येणाऱ्या त्या हार्लेचं इंजिन १९२३ सीसीचं आहे आणि तिची चार्जिंग यंत्रणा हा भार धरूनच बनवलेली आहे. स्प्लेंडरचं इंजिन आहे ९७.२ सीसीचं.

आता हिशेब करू. दोन स्पीकर, प्रत्येकी २० वॅट, म्हणजे ४० वॅट आवाज. अ‍ॅम्प्लिफायर ‘क्लास डी’ प्रकारचा असेल तर तो वीज कमी वाया घालवतो, त्याला साधारण ४७ वॅट लागतील. म्हणजे साडेतीन अ‍ॅम्पिअर. जुन्या ‘क्लास एबी’ प्रकारात बरीचशी वीज उष्णतेत जाते, तिथे हाच आकडा ५ अ‍ॅम्पिअरपर्यंत पोचतो. गाण्यात चढउतार असल्याने सरासरी याहून कमी असते हे खरं, पण बेस फुल करून वाजवणाऱ्यांची सरासरीही वरच असते.

इंजिन बंद ठेवून गोराईच्या किनाऱ्यावर तासभर गाणी लावली तर ३ एएचच्या बॅटरीचं काय होईल हे वेगळं सांगायला नको. सेल्फ मारायला तिच्यात दम उरणार नाही. किकवाली गाडी असेल तर नशीब.

आणि इंजिन चालू असलं तरी निवांत राहता येत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो. छोट्या गाडीच्या हॅलोजन हेडलाइटलाच साधारण ३५ वॅट लागतात. सिग्नलला गाडी आयडलिंगवर असते तेव्हा स्टेटर सर्वांत कमी वीज बनवतो. मिरा-भाईंदर रोडवर एकामागोमाग एक सिग्नल घेत जाणारी गाडी याच अवस्थेत जास्त वेळ असते. वीज बनते कमी, जाते जास्त, आणि फरक भरून काढते ती बिचारी बॅटरी.

तिसरी चोरी गुपचूप चालते. ब्लूटूथवाला अ‍ॅम्प थेट बॅटरीला जोडला तर गाडी बंद असतानाही तो जागा असतो. समजा तो ५० मिलिअ‍ॅम्पिअर खातो. चोवीस तासांचे झाले १.२ एएच. अडीच दिवसांत ३ एएचची बॅटरी साफ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चार दिवस उभी राहिली आणि ‘बॅटरी खराब निघाली’ म्हणून दुकानदाराशी भांडण झालं, त्यात अनेकदा दोष या वायरिंगचा असतो.

वायर कुठून घेतली, हा खरा प्रश्न

घाईत काम करणाऱ्याची ठरलेली पद्धत असते. हॉर्नची किंवा इग्निशनची वायर सोलायची, तिला अ‍ॅम्पची वायर पिळायची, वर काळी टेप गुंडाळायची. दहा मिनिटांत काम होतं, चावी बंद केली की गाणंही बंद होतं, गिऱ्हाईक खूश.

याचे दोन परिणाम होतात.

पहिला, अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला की गाडीचा मुख्य फ्यूज उडतो. बऱ्याच छोट्या बाइकला सगळ्या वायरिंगसाठी एकच मुख्य फ्यूज असतो. म्हणजे गाण्यासोबत हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट आणि अनेक गाड्यांत इंजिनसुद्धा बंद. हे दिवसा कॉलनीत झालं तर ढकलत नेता येतं. रात्री घोडबंदर रोडवर किंवा काशीमिऱ्याच्या पुढे हायवेवर मागे कंटेनर असताना झालं तर?

दुसरा परिणाम याहून वाईट. वारंवार फ्यूज उडतो म्हणून कुणीतरी मोठा फ्यूज टाकतो किंवा सरळ तारेचा तुकडा बसवतो. फ्यूज हा अ‍ॅम्प वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. तो असतो वायर वाचवण्यासाठी. अर्ध्या एमएमची बारीक वायर, जाऊन-येऊन दोन मीटर, तिच्यातून २० अ‍ॅम्पिअर गेले तर तिच्यात २८ वॅट उष्णता तयार होते. घरात वापरायचं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. ही उष्णता तारेच्या पूर्ण लांबीवर पसरते हे मान्य, पण ती तार टेपमध्ये गुंडाळलेली, बाकीच्या वायरींना चिकटलेली आणि पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते. प्लास्टिक मऊ झालं, शेजारच्या वायरीला उघडी तार लागली, की पुढचं थांबवायला मध्ये काहीच नसतं.

मग योग्य वायरिंग कसं असतं?

हे काम अवघड नाही, फक्त क्रम पाळावा लागतो.

१. अ‍ॅम्पला वीज स्वतंत्र हवी. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवरून वेगळी वायर, आणि टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. फ्यूज दुसऱ्या टोकाला, अ‍ॅम्पजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते.

२. वायरची जाडी आणि फ्यूजची जोडी जमली पाहिजे. वरच्या उदाहरणात जास्तीत जास्त ५ अ‍ॅम्पिअर लागत होते. तिथे दीड एमएमची तांब्याची वायर आणि साडेसातचा फ्यूज पुरतो. मोठा अ‍ॅम्प असेल तर दोन्ही वाढवायचे, नुसता फ्यूज नाही.

३. मध्ये रिले हवा. रिले म्हणजे चावीच्या छोट्या करंटवर चालणारा मोठा स्विच. चार पिनच्या रिलेवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. ३० ला फ्यूजमधून आलेला बॅटरीचा प्लस, ८७ वरून अ‍ॅम्प, ८६ ला चावीनंतर सुरू होणारी वायर आणि ८५ अर्थला. चावी बंद केली की अ‍ॅम्प पूर्ण बंद. बॅटरीची ती गुपचूप चोरी इथे थांबते. चावीच्या वायरीवर भारही पडत नाही, कारण रिलेच्या कॉइलला अगदी थोडा करंट लागतो.

४. अर्थ थेट बॅटरीच्या मायनसला. चॅसिसच्या गंजलेल्या बोल्टला अर्थ घेतला तर गाण्यामागे बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि रेस वाढवली की तोही चढतो. तो स्पीकरचा दोष नसतो, चार्जिंग यंत्रणेचा गोंगाट खराब अर्थमधून आत शिरलेला असतो.

५. स्पीकरची मायनस वायर चॅसिसला कधीच लावायची नाही. आजचे बहुतेक अ‍ॅम्प स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल देतात. एक वायर बॉडीला टेकली की अ‍ॅम्प जळतो. नव्या किटचा पहिल्याच दिवशी धूर झाला तर आधी हेच तपासावं.

६. ओहम मोजायचे. ४ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनलला समांतर जोडले की अ‍ॅम्पला दिसतात २ ओहम, आणि करंट दुप्पट. अ‍ॅम्पवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलं असेल तर तो तापून बंद पडेल किंवा कायमचा जाईल. तेच दोन एकामागे एक जोडले तर ८ ओहम होतात. आवाज थोडा कमी, पण अ‍ॅम्प सुरक्षित.

७. प्लस-मायनस दोन्ही स्पीकरना सारखंच. एकाची उलट झाली तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि बेस गायब होतो. मग लोक तो भरून काढायला आवाज वाढवत बसतात.

८. जोड पिळून टेप लावायचा नाही. सोल्डरचा पक्का डाग किंवा क्रिंप, वर हीट श्रिंक ट्यूब. हँडल वळतं तिथे वायरला सैल वळसा ठेवायचा. नाहीतर रोजच्या वळणांनी तार आतून तुटते आणि वरून धड दिसते.

शेवटची गोष्ट खास मिरा-भाईंदरसाठी. इथे पश्चिमेला समुद्र, मध्ये खाडी आणि मिठागरं. पावसाळ्यात पाणी वरून येतं, आणि बाकीचे महिने खारी हवा काम करते. उघड्या तांब्यावर हिरवट थर चढतो, जोडाचा रोध वाढतो, जोड तापतो. म्हणून कागदी कोनचे स्पीकर इथे टिकत नाहीत. पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि किमान ‘आयपीएक्स ५’ म्हणजे पाण्याचा फवारा सोसणारं रेटिंग बघायला हवं. अ‍ॅम्पला पाण्यापासून लपवायचं आणि हवाही द्यायची, ही कसरत आहे. स्कूटरच्या बंद डिक्कीत तापणारा अ‍ॅम्प आणि बाजूलाच पेट्रोलची टाकी, ही मांडणी तर टाळलेलीच बरी.

एवढं करून ऐकू कुणाला येतं?

या विषयातली खरी गंमत इथे आहे.

८० च्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या घरात जातो. म्हणजे गाणं ऐकू यायला ते कानाशी याहून मोठं हवं. आवाजाचं माप सरळ चढत नाही. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणून चालत्या बाइकवर वॅटची ही शर्यत चालवणारा कधीच जिंकत नाही.

तो हट्टाने जिंकलाच तर किंमत कान देतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास अशी आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास. मिरा रोडहून अंधेरीला बाइकने जाऊन-येऊन ऑफिस करणाऱ्याचा एक तास जातानाच संपतो.

आता रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाच्या बाजूने बघू. साधा स्पीकर १ वॅटवर एक मीटर अंतराला साधारण ८८ डेसिबल देतो. २० वॅटवर तो जातो १०१ ला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. साडेसात मीटरवर उरतात ८३ ते ८४.

साडेसात मीटर हेच अंतर का? कारण नव्या गाडीचा आवाज कंपनीला साधारण याच अंतरावर मोजून सिद्ध करावा लागतो. दुचाकींसाठी भारतातली मर्यादा ८० ते १७५ सीसीला ७७ डेसिबल आणि १७५ सीसीच्या वर ८० डेसिबल अशी आहे. म्हणजे इंजिन, सायलेन्सर, चेन, टायर असं सगळं मिळून कंपनीने ज्या गाडीला ७७ च्या आत बसवलं, तिच्यावरचा एकच स्पीकर फुल आवाजात ८३ च्या पुढे जातो. फटफट सायलेन्सरवर सगळ्यांचा राग आहे. स्पीकर त्याच रांगेत उभा आहे, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही.

कायदा नेमका काय म्हणतो?

इथे सोशल मीडियावर दोन टोकाच्या गोष्टी फिरतात. एक, ‘बाइकला काहीही लावलं की ५,००० दंड’. दोन, ‘म्युझिकवर कायदाच नाही’. दोन्ही अर्धवट आहेत.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण त्याच कलम ५२ मध्ये ‘बदल’ म्हणजे काय तेही दिलंय. गाडीच्या रचनेत असा फरक, ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. हँडलला क्लॅम्पने लावलेला छोटा स्पीकर या व्याख्येत बसतो का, यावर वाद घालता येईल. फेअरिंग कापून, सीट उचलून, हार्नेस तोडून बसवलेली सिस्टीम असेल तर वाद घालायला जागा कमी उरते.

आवाजाचा मामला मात्र वेगळा आहे. तिथे स्पीकर कसा बसवला याला महत्त्व नाही, तो किती वाजतो याला आहे. त्याच कायद्याचं कलम १९०(२) रस्ता सुरक्षा, आवाज आणि हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्या गाडीसाठी आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. जागेवर चलन फाडताना तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे ती यापेक्षा वेगळी असू शकते.

याशिवाय ध्वनी प्रदूषण नियम २००० आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो. हे आकडे ठरावीक वेळेच्या सरासरीचे आहेत, त्यामुळे पाच सेकंदांत निघून गेलेल्या बाइकला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण इमारतीखाली अर्धा तास उभ्या असलेल्या, गाणी वाजवणाऱ्या बाइकचं तसं नाही. लाऊडस्पीकर वाजवायला लेखी परवानगी लागते असं हेच नियम सांगतात, आणि रस्ता ही सार्वजनिक जागा आहे.

सार्वजनिक उपद्रवाचं कलमही आहेच. भारतीय न्याय संहितेचं कलम २९२, दंड १,००० रुपयांपर्यंत.

विमा आणि वॉरंटी हा वेगळा विषय. कंपनीचं हार्नेस कापलं की विद्युत बिघाडाची वॉरंटी मागताना अडचण येते. वेगळे इलेक्ट्रॉनिक सामान बसवलं आणि विमा कंपनीला कळवलं नाही, तर त्या सामानाची भरपाई सोडाच, आग लागल्यास मूळ दाव्यावरही प्रश्न उभा राहू शकतो. त्यासाठी सामानाची किंमत जाहीर करून वाढीव प्रीमियम भरण्याची सोय असते. ती वापरणारे फार कमी.

मग कारवाई का दिसत नाही?

मिरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ८ लाख ९ हजारांवर होती. १ ऑक्टोबर २०२० ला मिरा-भाईंदर, वसई-विरारसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं. २०२५ मध्ये शहराला एमएच-५८ क्रमांकाचं स्वतंत्र आरटीओ मंजूर झालं. त्याआधी इथल्या गाड्या ठाण्याच्या एमएच-०४ खाली होत्या. म्हणजे यंत्रणा जवळ आली आहे.

अडचण पुराव्याची आहे. सायलेन्सर बदललाय हे डोळ्यांना दिसतं, तो काढून जप्त करता येतो. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. स्पीकरचं तसं नाही. हवालदार दिसला की आवाज बंद होतो आणि गुन्हाही त्याच्यासोबत हवेत विरतो. मोजायला डेसिबल मीटर लागतो, तो योग्य क्षणी हातात लागतो.

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर नवा नाही. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या निकालात ध्वनी नियमांची अंमलबजावणी आणि पोलिसांकडच्या आवाज मोजणाऱ्या यंत्रांबद्दल सरकारला निर्देश दिले गेले. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातल्या रहिवाशांच्या याचिकेवर न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. आवाजाच्या तक्रारीवर कारवाई करताना तक्रारदाराची ओळख उघड करू नये. ते प्रकरण प्रार्थनास्थळांवरच्या लाऊडस्पीकरचं होतं. पण आपल्याच गल्लीतल्या पोराविरुद्ध ११२ ला फोन करायला घाबरणाऱ्या माणसाची अडचणही तीच असते.

मधला रस्ता आहे का?

आहे, आणि तो स्वस्तही आहे.

चालवताना ऐकायचं असेल तर आवाज कानाजवळ हवा, रस्त्यावर नाही. हेल्मेटमध्ये बसणारे छोटे स्पीकर किंवा इंटरकॉम काही वॅटही खात नाहीत आणि गाडीच्या बॅटरीला हातही लावत नाहीत. आवाज इतकाच ठेवायचा की मागून आलेला हॉर्न आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन ऐकू येईल. कान बंद करणारे इअरफोन घालून चालवणं म्हणजे एक धोका काढून दुसरा घेणं.

हँडलवर स्पीकर लावायचाच असेल तर १०-१५ वॅटचा, चांगल्या दर्जाचा आणि पाणी सोसणारा घ्या. फ्यूज आणि रिलेसकट बसवून घ्या. काम करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, “फ्यूज कुठे बसवणार?” त्याने बॅटरीकडे बोट दाखवलं तर पुढे बोला. “काही होत नाही, आपण खूप बसवलेत” असं उत्तर आलं तर गाडी सुरू करा आणि निघा.

आणि सिग्नलला, वस्तीत, रात्री दहानंतर आवाज खाली. मिरा रोडला दोन्ही बाजूंना उंच इमारती आहेत. तिथे आवाज मोकळ्या जागेसारखा विरत नाही, भिंतींवर आपटून वर चढतो. सातव्या मजल्यावर दहावीचा अभ्यास करणारी मुलगी असते, रात्रपाळी करून सकाळी झोपलेला माणूस असतो, नुकतंच डोळा लागलेलं बाळ असतं. त्यांना तुमची प्लेलिस्ट बदलता येत नाही.

गाडी तुमची, गाणं तुमच्या आवडीचं, पैसेही तुमचेच. पण वायर पेटली तर तुम्ही एकटे जळत नाही, कारण पार्किंगमध्ये शेजारी आणखी चाळीस गाड्या असतात. आवाजाचंही तसंच आहे. साडेसातचा फ्यूज आणि खाली आणलेला आवाज या दोन गोष्टींना खर्च फार येत नाही. रीलमध्ये त्या दिसत नाहीत, एवढंच.